हाकेकऱ्याचा वाटा

मी डूख धरते. लहानपणापासून धरते. चौथीत माझी पाटी फोडणाऱ्या मुलीशी मी एकदम तिच्या लग्नात बोलले, तेही तिच्या आईनं हाताला धरून पंगतीत बसवलं म्हणून. आमच्या घरात संध्याकाळी बुद्धवंदना होते. आबा डोळे मिटून पाचही शीलं म्हणतात, त्यांच्यामागे मीही म्हणते. पण त्या पाचात 'राग सोडा' असं कुठेही नाही, हे मी नीट तपासून ठेवलंय. आबांना तसं सांगितलं तर म्हणाले, "तुजं वकील व्हायाचं ऱ्हाऊन गेलं बग."

वकील नाही झाले, अंगणवाडी सेविका झाले. विंझरपासून आत डोंगराच्या अंगाला आमचं गाव आहे. नवरा नसरापूरहून टेम्पो चालवतो. मी एकुलती एक, म्हणून लग्नानंतर तोच आमच्या घरी राहायला आला. त्याला कुणी घरजावई म्हटलं की दोन दिवस जेवत नाही. घरात तिसरे आबा, माझे वडील. ही गोष्ट त्यांच्या नावाची आहे, आणि ते नाव खराब करणाऱ्या माणसाची. त्यात माझंही एक लपवलेलं आहे. ते मी इथे पहिल्यांदाच लिहिते आहे.

आबा वनमजूर होते, म्हणजे जंगलात रोजंदारीवर. उन्हाळ्याआधी जाळरेषा काढायच्या, वणवा पुढे सरकू नये म्हणून गवताचे पट्टे साफ करायचे, रोपांना पाणी घालायचं, आणि फिरता फिरता कुणी फासे लावलेले दिसले तर तोडून आणायचे. आमच्या पडवीत खुंटीला तारेच्या फाशांचा जुडगा लटकलेला असायचा. पाहुणे विचारायचे, हे काय? आबा म्हणायचे, "माजी कमाई."

गंमत अशी की आबांचे वडील आणि आजोबा शिकारीत हाका घालायचे. रस्त्यापलीकडे जे मोठं घर आहे त्यांची वाघर, म्हणजे जनावर अडकवायची जाळी. त्यांची जाळी, त्यांची कुत्री, आणि डोंगरातून ओरडत, डबे बडवत जनावर त्या जाळीकडे हाकलायला आमची माणसं. काट्याकुट्यातून अनवाणी. शिकार झाली की वाटे पडायचे. जाळीवाल्याचा वाटा, कुत्रेवाल्याचा वाटा, आणि सगळ्यात शेवटी रस्ता ओलांडून आमच्याकडे यायचा तो हाकेकऱ्याचा. तो पोचला नाही तर घराला बाधतं आणि पुढची शिकार हुकते, अशी त्या घराची पक्की समजूत.

आबांनी जंगलाचं काम धरलं तेव्हा हाका घालणं बंद केलं, मांसही सोडलं. पण वाटा यायचा थांबला नाही. रानडुक्कर म्हणा, ससा म्हणा, त्या घरात काही शिजणार असलं की आत्ती डबा घेऊन दारात हजर. आत्ती म्हणजे त्या घरातली म्हातारी. नात्यानं कुणी नाही, पण मी त्यांच्या ओट्यावर लहानाची मोठी झाले. माझी आई मी सहावीत असताना गेली. वेणी घालायला मी रस्ता ओलांडून आत्तींकडेच जायचे. म्हातारीला दारातून परत कसं पाठवायचं? मी डबा घ्यायचे, आतलं वस्तीतल्या कुत्र्यांना घालायचे, डबा घासायचे आणि त्यात शेंगा, गूळ, नाचणीचे पापड, जे असेल ते भरून परत द्यायचे. आलेलं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, ही रीत त्यांच्याही घरात होती आणि आमच्याही. दोन्ही घरांत सारखी असलेली ती बहुधा एकच रीत असावी.

डबा कायम तोच. गोल, कडीचा, जाड पत्र्याचा. आत्तींच्या भावानं आत्तींच्या मुलाला लग्नात दिलेला. त्यावर टोचून लिहिलेलं: चिरंजीव अमुक, मुक्काम अमुक, यांस मामाकडून सप्रेम भेट. आपल्याकडे स्टीलच्या चमच्यावरसुद्धा नाव घालून आणतात, पंगतीत कुणी लांबवू नये म्हणून. तो भाऊ पुढे वारला. तेव्हापासून आत्ती त्या डब्याला सुनेलाही हात लावू देत नसत.

तो मुलगा म्हणजे मेंबर. एकदा ग्रामपंचायतीत निवडून आला आणि नंतर दोनदा पडला, तरी गाव त्याला मेंबरच म्हणतं. पांढरी पँट, पांढरा शर्ट, पुण्याच्या लोकांना डोंगराकडेच्या जमिनी दाखवणं हा धंदा. बोलायला इतका गोड की समोरच्यानं दुसऱ्या दिवशी आपला खिसा तपासावा. आजोबांची वाघर त्यानं कधीच गुंडाळून माळ्यावर टाकली होती. त्याला वाट्यातही रस नव्हता. जनावरातलं विकता येईल तेवढं त्याला हवं होतं.

अकरा वर्षांपूर्वी आबांनी मला खवले मांजर दाखवलं. आमच्याकडे त्याला खवल्या म्हणतात. मला नुकतीच अंगणवाडी मिळाली होती. आबा म्हणाले, "तू पोरांना वाघ-सिंव्ह शिकवतीस. आपल्या डोंगरातलं जनावर तरी बगितलंयस का?" उजाडायच्या सुमारास आम्ही देवीच्या राईच्या वर जाऊन बसलो. कुंभ्याच्या झाडाखाली बीळ होतं, जवळच फोडलेलं वारूळ. पायाला मुंग्या आल्या तेव्हा ते परत आलं. आधी नाक दिसलं, मग सगळं अंग, नखशिखांत खवल्यांनी मढलेलं, आणि शेपटीला घट्ट धरून बसलेलं एक पिल्लू. पिल्लाचे खवले अजून फिकट होते. आई वाळवी हुंगत हळूहळू चालत होती आणि पिल्लू झोपेत घसरत होतं. घसरलं की परत वर सरकायचं. आबा माझ्याकडे बघत होते, खवल्याकडे नाही. उतरताना एवढंच म्हणाले, "ही जागा मला आन् तुला. तिसऱ्याला न्हाई."

आणि मी सांगितलं. हेच ते लपवलेलं.

चारच दिवसांनी आत्तींच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसले होते. आत्ती त्यांच्या सासऱ्याच्या शिकारीच्या गोष्टी सांगत होत्या, अस्सं जनावर मारलं न् तस्सं मारलं. माझ्या पोटात दुखायला लागलं. मलाही काहीतरी सांगायचं होतं. मी म्हटलं, आबांनी मला खवल्या दाखवला, पिल्लासकट. आत्तींनी कौतुकानं विचारलं, "कुटं गं?" मी सांगून टाकलं. राई, कुंभा, वारूळ, सगळं. आत्ती म्हणाल्या, "बया! म्या येवडी म्हातारी झाली, पर कवा न्हाई बगितला." त्यांनी ते घरात सांगितलं असणार, जसं आपण कुणाला मुलगी झाली ते सांगतो तसं. त्यांच्या मनात काही नव्हतं. माझ्याही नव्हतं. पण ऐकणाऱ्याच्या मनात होतं: खवले चोरून विकले की मोठा पैसा मिळतो.

त्या आठवड्यात बीळ खणलेलं सापडलं. माणूस उभा राहील एवढा खड्डा, कुंभ्याची मुळं कुदळीनं तोडलेली. आबा खड्ड्याच्या काठावर बसून होते. मी बोलवायला गेले तर म्हणाले, "दोगं बी गेली." त्याच आठवड्यात आत्ती डबा घेऊन आल्या होत्या, आणि मी नेहमीप्रमाणे आत न बघता कुत्र्यांना घातला होता. पुरावा माझ्या हातात होता आणि मी तो कुत्र्यांना चारला. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा दोन वर्षं उलटून गेली होती. भाकरी थापत होते, तव्यावरची करपली.

मेंबरनं पुढचं काम सफाईनं केलं. वनखात्याच्या साहेबांच्या कानावर गेलं की वनमजुरानंच जागा दाखवली, माणसं आणली. झडती झाली. आमच्या पडवीत, फाशांच्या त्याच जुडग्यामागे, दोन खवले निघाले. आबा म्हणाले, "हे माजं न्हाई सायेब. कुनीतरी आणून ठिवलंय." साहेबांनी विचारलं, ही जागा अजून कुणाला माहीत होती? आबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "कुनाला न्हाई. मला एकट्यालाच." मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. त्या एका वाक्यानं मला वाचवलं आणि आबांना बुडवलं, कारण जागा एकट्यालाच माहीत असेल तर चोर दुसरा कोण असणार?

खटला उभा राहिला नाही, त्याला पुरेल एवढं काही सापडलं नव्हतं. पण आबांना परत कुणी कामावर बोलावलं नाही. गावानं त्यांना नवीन नाव दिलं: खवल्या. पारावर, दुकानात, एसटीच्या थांब्यावर. "खवल्या आला का रं?" अंगणवाडीतली तीन वर्षांची पोरं मला 'खवल्याची बाई' म्हणायची, अगदी प्रेमानं, कारण त्यांना ते माझं नावच वाटायचं. आबांनी डोंगरात जाणं सोडलं. अंगणातून डोंगर दिसतो, तर खाटेचं तोंड फिरवून भिंतीकडे पाहत बसायचे. माझा बाप चाळीस वर्षं ज्या डोंगरात फिरला त्याच्याकडे पाठ करून बसलेला मी रोज पाहिला. त्या प्रत्येक दिवशी मी मेंबरचं वाटोळं होवो म्हटलंय. मनात नाही, तोंडानं, भांडी घासताना, मोठ्यानं.

त्याची नात माझ्या अंगणवाडीत आली. तिचं वजन मी बरोबर मांडलं, खिचडी भरपूर घातली, नाक पुसलं. पोरांवर डूख धरायचा नसतो एवढी अक्कल मला आहे. पण तिला घ्यायला मेंबर आला की मी रजिस्टरमध्ये डोकं घालून मनात म्हणायचे, थांब. कधीतरी तुझा पाय घसरेल आणि तेव्हा खाली मी असेन.

अकरा वर्षं थांबले. या मे महिन्यात तो घसरला.

त्याची बायको वारलेली, मुलगा पुण्याला नोकरीत, आणि सून नातीला घेऊन मार्गासनीला माहेरी गेली होती, भावाच्या लग्नाला. घरात आत्ती आणि मेंबर दोघंच. एक दिवस सकाळी अंगण झाडताना मला त्यांच्या गच्चीवर लुगडं पसरलेलं दिसलं, चारी कोपऱ्यांना दगड ठेवलेले. मेंबर खाली उभा राहून पोरांवर ओरडत होता, "वर जायाचं न्हाई रे! कुरडया घातल्यात!"

मी झाडू हातात धरून तशीच उभी राहिले. कुरडया? घालणार कोण? सून माहेरी. आत्तींचे हात इतके कापतात की चहाची बशी नीट धरवत नाही. आणि मुख्य म्हणजे त्यांचा सोऱ्या माझ्या घरात होता. माझ्या सोऱ्याची चकती तुटली म्हणून आदल्या आठवड्यात मी त्यांचा पितळी सोऱ्या मागून आणला होता; तो माझ्या ओट्यावर उन्हात चमकत होता. सोऱ्याशिवाय कुरडई काय मेंबरनं बोटांनी पाडली? अजून नीट पाहिलं. कुरडई लुगड्यावर घालतात, उघडी, उन्हाला. ह्यानं लुगडं वरून झाकलं होतं. जन्मात स्वयंपाकघराची पायरी न चढलेला पुरुष जेव्हा बायकांच्या कामाआड लपतो तेव्हा असं होतं. आणि कापडावर माश्या घोंघावत होत्या. माश्यांनी घोंघावावं असं गव्हाच्या चिकाला काय सोनं लागलंय?

मला वास आला, पण नुसत्या वासावर काय करणार? मी कुणाला सांगणार, आणि खवल्याच्या मुलीचं ऐकणार कोण?

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्ती रस्ता ओलांडून आल्या. पदराखाली डबा.

"घे," त्या म्हणाल्या. "हाकेकऱ्याचा वाटा."

"कसलं हाय, आत्ती?"

"मला काय ठावं? रानातलं हाय. त्यो म्हनला, कुनाला द्यायचं न्हाई, बोलायचं न्हाई. पर वाटा भायेर गेल्याबिगर घराला बादतं, बाय. त्येचं दिवस आदीच बरं न्हाईत. म्या गुपचूप काडून आणला." मग दाराकडे बघत हळूच म्हणाल्या, "त्येला कळू दिऊ नगंस."

त्या गेल्यावर मी दार लावलं आणि डब्याचं झाकण काढलं. हळद-मीठ लावलेले तुकडे होते. एका तुकड्याला कातडं होतं आणि कातड्यावर चौकटी चौकटी उमटलेल्या. कडेला एक खवला तसाच चिकटून राहिला होता, तपकिरी, अंगठ्याच्या नखासारखा टणक. मी ओळखलं, हे खवल्याचंच. भीती नाही वाटली. खोटं कशाला लिहू, मला आनंद झाला. एक जनावर मरून डब्यात आलं होतं आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून तोंडावर पदर दाबून हसत होते. मग लगेच रडायलाही आलं, पण आधी हसले हे खरं आहे.

ह्या खेपेला कुत्र्यांना नाही घातलं.

विंझरला खोली घेऊन राहणारी वनरक्षक पोरगी आहे. गावातली नाही, लांबची आहे, म्हणून तिला खवल्या हे टोपणनाव माहीत नव्हतं. पाणी प्यायला अंगणवाडीत यायची. मी तिला मोबाईल लावला. ती म्हणाली, "ताई, झाकण लावा आणि कशालाच हात लावू नका. कुणाला काही बोलू नका." पाऊण तासात ती स्कूटीवर आली, आणि मागोमाग तिचे साहेब वेल्ह्याहून जीप घेऊन.

तिनं डब्यावरचं नाव वाचलं, फोटो काढले. मग माझा जबाब लिहायला बसली.

"डबा कुणी आणून दिला?"

इथे मी थांबले. दाराशी ठेवलेला सापडला असं म्हणता आलं असतं. पण मग मेंबर म्हणाला असता, डबा चोरीला गेला होता. तो सुटला असता आणि मी अजून अकरा वर्षं भांडी घासत बसले असते. माझ्या डोळ्यांसमोर आत्तींचा ओटा आला, माझी वेणी घालणारे त्यांचे हात आले. आणि मग भिंतीकडे तोंड केलेली आबांची खाट आली.

"आत्तींनी," मी म्हणाले. त्यांचं पूर्ण नाव सांगितलं, नवऱ्याच्या आणि मुलाच्या नावासकट. "आणि मॅडम, गच्चीवर बघा. कुरडया म्हणून जे झाकलंय त्या कुरडया नाहीत. त्यांचा सोऱ्या इथे आहे." मी बोट दाखवलं. त्या पोरीनं सोऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तेही लिहून घेतलं.

गच्चीवरचं लुगडं उचललं तेव्हा निम्मं गाव रस्त्यावर जमलं होतं. खाली खताच्या गोणपाटावर खवले वाळत घातले होते, ओळीनं. मोठे एका बाजूला. लहान, फिकट, दुसऱ्या बाजूला. मेंबर वरूनच ओरडला, "हे माजं न्हाई सायेब! कुनीतरी आणून टाकलंय!" नेमकं तेच वाक्य. फरक एवढाच की आमच्या पडवीत ते बोलणारा माणूस खरं बोलत होता.

मग वनरक्षक पोरीनं त्याच्यासमोर डबा धरला. त्यानं स्वतःचं नाव वाचलं. आधी त्याला कळेना. मग त्यानं पायरीवर बसलेल्या आत्तींकडे बघितलं, आणि आत्तींच्या डोक्यावरून माझ्याकडे. मी मुद्दाम पुढे जाऊन उभी होते. ह्या एका नजरेसाठी मी काय काय गिळलं होतं ते माझं मला माहीत.

"वाटा पोचला, मेंबर," मी म्हणाले.

त्याला जीपमध्ये घातलं. पांढरा शर्ट मागून घामानं भिजला होता. कुणीतरी म्हणालं, असं बघत उभं राहू नये, शेवटी शेजारी आहे. मी बघत उभी राहिले. जीप वळणाआड जाईपर्यंत बघितलं, धुरळा बसेपर्यंत बघितलं. मला त्या दिवशी जेवण गोड लागलं. आजही ते आठवलं की गोडच लागतं, आणि ह्याची मला लाज वाटत नाही.

डबा मुद्देमाल म्हणून गेला. कापडात गुंडाळून लाखेची मोहोर लावली. आत्ती पायरीवरूनच विचारत होत्या, "आन् माजा डबा? डबा कवा देत्याल?"  त्यांचाही जबाब घेतला. अंगठा घेताना त्यांचा हात कापून कागदावर शाई पसरली, म्हणून दुसरा कागद आणावा लागला.

घरी येऊन मी आबांना सगळं सांगितलं. गच्ची, लुगडं, सोऱ्या, शर्टावरचा घाम, सगळं रंगवून. वाटलं होतं, म्हातारा उठून बसेल. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "पिल्लू व्हतं का?"

"न्हाई," मी म्हणाले.

चौकशीत जुनंही बाहेर आलं. माल घेणाऱ्या माणसाला पकडल्यावर मेंबरचं तोंड उघडलं. पहिला खवल्या त्यानंच खणून काढला होता आणि आमच्या पडवीत दोन खवले त्यानंच खोचले होते. साहेबांनी आबांना बोलावून घेतलं, खुर्ची दिली, जबाबातला तेवढा भाग वाचून दाखवला. आबा घरी आले ते एसटीच्या थांब्यापासून चालत, पारावरून, दुकानापुढून, मुद्दाम हळू. कुणी खवल्या म्हटलं नाही. दुकानदारानं "या आबा" म्हटलं. आबांनी संध्याकाळी खाट फिरवली. डोंगराकडे. मी आत जाऊन पदर तोंडात कोंबून रडले.

माझं काम झालं होतं. गोष्ट इथेच संपायला पाहिजे होती.

पंधरा-वीस दिवसांनी मेंबर जामिनावर सुटला आणि भोरला मेहुण्याकडे जाऊन राहिला. सून नातीला घेऊन मार्गासनीलाच राहिली. पलीकडच्या घरात आत्ती एकट्या. नळावर आमची गाठ पडायची तेव्हा त्या हंडा भरून निघून जायच्या. शिव्या दिल्या असत्या तर मी दिल्या असत्या परत. 

एक दिवस सकाळी त्या दारात आल्या. "सोऱ्या दे," म्हणाल्या.

आबा अंगणात खाटेवर होते. उठून बसले. "वयनी, बसा की," म्हणाले. आत्ती बसल्या नाहीत. मी सोऱ्या आणायला वळले तोच आबांनी विचारलं, "वयनी, येक इचारू का? राग मानू नका. समदं निघालं, पर येक मला आजून कळत न्हाई. तवा तुमच्या पोराला बिळाची जागा कुनी सांगितली? अकरा वर्सं डोस्कं लावतोय. त्या जाग्यावर मी कंदी मानूस बगितला न्हाई."

माझा पाय उंबऱ्यावरच अडकला. मी मागे वळून पाहिलं नाही. माझ्या पाठीवर आत्तींची नजर होती, ती मला कळत होती. त्यांचा मुलगा तुरुंगाच्या दारात होता, पणती घर सोडून गेली होती, भावाचा डबा लाखेत बंद होता, आणि हे सगळं ज्या तोंडानं केलं त्या तोंडाचं नाव घ्यायला त्यांना एक शब्द पुरला असता. खरा शब्द. अकरा वर्षं त्यांनी तो कुणाला सांगितला नव्हता. मला वाटलं, आता सांगतील. मी त्यांच्या जागी असते तर सांगितलं असतं.

"म्या," आत्ती म्हणाल्या. "गवताला गेलेवते राईवर. म्याच बगितलं, म्याच त्येला सांगितलं."

 मी आत जाऊन सोऱ्या घेतला. रिकामा कसा द्यायचा, म्हणून भाजलेल्या शेंगांनी भरला, अगदी सवयीनं, आणि बाहेर येऊन आत्तींच्या हातात दिला. त्यांनी आत पाहिलं. मग कापऱ्या हातानं तो ओट्यावर उपडा केला. शेंगा ओट्यावर सांडल्या, काही अंगणात गेल्या.

"रिकामाच दे," त्या म्हणाल्या, आणि पदराखाली सोऱ्या घेऊन रस्ता ओलांडून गेल्या.

आबा त्यांच्या पाठीकडे बघत होते. अकरा वर्षांत मी त्यांना मेंबरवरसुद्धा असं चिडलेलं पाहिलं नव्हतं.

"माज्या दारात बसून च्या पीत व्हती ही बाई," ते म्हणाले. "समदं ठावं आसून. पुन्यांदा ह्या घरात तिला पानी बी द्यायाचं न्हाई. कळलं का?"

"व्हय, आबा," मी म्हणाले आणि शेंगा वेचायला बसले.